एका रेणूएवढं झाकण

शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयाच्या आवारात हवामान खात्याची वेधशाळा आहे. तिथे लाकडी चौकटीवर एक गोल, पसरट भांडं ठेवलेलं असतं. व्यास १.२२ मीटर, खोली वीतभराहून थोडी जास्त, आणि तोंडावर तारेची जाळी. नाहीतर तहानलेली पाखरं आणि कुत्री सगळा हिशेब बिघडवून टाकतील. हे बाष्पीभवन मोजायचं पात्र. आत एक टोकदार खूण असते. ठरल्या वेळी निरीक्षक येतो, पाणी त्या टोकाला पुन्हा टेकेपर्यंत मापाने भर घालतो आणि किती घातलं ते वहीत लिहितो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत हा आकडा दिवसाला साधारण ८ ते १० मिलिमीटर भरतो.

१० मिलिमीटर म्हणजे फारसं काही नाही असं वाटतं. पण एवढाच थर एक चौरस किलोमीटर तलावावरून उडाला तर १ कोटी लिटर पाणी गेलं: १० हजार लिटरचे एक हजार टँकर, एका दिवसात. पात्रातलं पाणी तलावापेक्षा जास्त तापतं, म्हणून तलावाचा अंदाज काढताना ०.७ने गुणायची पद्धत आहे. तरी सातशे टँकर उरतातच.

हा आकडा मोठा वाटतो तेव्हा मी उलट प्रश्न विचारतो. इतकंच का उडतं?

कारण गणित काही वेगळंच सांगतं. बंद डब्यात पाणी ठेवलं आणि वरची जागा वाफेने भरून गेली की पाण्यातून जितके रेणू बाहेर पडतात तितकेच आत येतात. येणाऱ्यांची संख्या वायूंच्या साध्या सूत्राने काढता येते. २५ अंश सेल्सियसला पाण्याचा बाष्पदाब ३.१७ किलोपास्कल असतो. त्यावरून पृष्ठभागाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दर सेकंदाला एकावर बावीस शून्यं इतके रेणू येऊन आदळतात. आदळलेले बहुतेक पाण्याला चिकटतात असंच प्रयोगांवरून दिसतं. म्हणजे तितकेच रेणू सेकंदाला निघतही असणार. परत येणं थांबलं आणि नुसतं जाणं चालू राहिलं, तर पाण्याची पातळी सेकंदाला ३.४ मिलिमीटरने उतरेल. तासाला बारा मीटर. खडकवासल्याचा तलाव एका सकाळीत आटेल.

प्रत्यक्षात दिवसाकाठी एक सेंटिमीटर जातो. याचा अर्थ पृष्ठभागावरून निघालेल्या दर तीस हजार रेणूंमागे जेमतेम एक कायमचा जातो; बाकीचे पाण्यावरच्या हवेत ठेचकाळून परत येतात. हवेचा पाण्यालगतचा काही मिलिमीटरांचा थर जवळजवळ स्थिर असतो, वाफेने भरलेला असतो, आणि त्यातून बाहेर पडायला रेणूला असंख्य धक्के खात वाट काढावी लागते. बाष्पीभवनाचा वेग ठरतो तो इथे, हवेत. पाण्याच्या पृष्ठभागाचा अडथळा तुलनेने नगण्य असतो.

या उलाढालीतून आणखी एक गोष्ट निघते. पृष्ठभागाच्या एका चौरस सेंटिमीटरवर पाण्याचे साधारण एकावर पंधरा शून्यं इतके रेणू मावतात. सेकंदाला एकावर बावीस शून्यं ये-जा करत असतील, तर पृष्ठभागावरच्या एका जागेचा मालक सेकंदाच्या एक कोटीव्या भागात बदलतो. खालच्या पाण्याशी होणारी अदलाबदल तर याहून कितीतरी झपाट्याची. ती सेकंदाच्या लाख-कोटीव्या भागांत मोजावी लागते. शाळेच्या पुस्तकात पृष्ठताण समजावताना ‘ताणलेल्या पडद्यासारखा’ असं लिहिलेलं असतं. पडदा म्हटलं की तोच कपडा, तेच धागे असं चित्र उभं राहतं. पाण्याच्या पृष्ठभागावर एक धागाही क्षणभर टिकत नाही. टिकते ती फक्त जागा, आणि त्या जागेवर असण्याची किंमत.

ती किंमत अशी. पाण्याच्या पोटात एकेक रेणू आपल्या शेजाऱ्यांशी सरासरी साडेतीनच्या आसपास हायड्रोजन बंध धरून असतो. पृष्ठभागावरच्या रेणूला वरच्या बाजूला शेजारीच नाहीत, त्यामुळे काही बंध त्याला सोडावे लागतात. जितका पृष्ठभाग मोठा तितके सुटलेले बंध जास्त, म्हणून पाणी होईल तितका पृष्ठभाग कमी ठेवायला बघतं. यालाच आपण पृष्ठताण म्हणतो. २० अंशांना तो मीटरला ७२.८ मिलिन्यूटन असतो, आणि पारा किंवा वितळलेले धातू सोडले तर रोजच्या द्रवांमध्ये एवढा मोठा ताण विरळा.

बंध सुटलेले असतात हे नुसतं अनुमान राहिलेलं नाही. १९९३ साली बर्कलेच्या वाय. आर. शेन यांच्या गटाने पाण्यावर दोन लेझर किरण एकत्र सोडले, एक दृश्य प्रकाशाचा आणि एक अवरक्त, आणि दोघांच्या वारंवारतांची बेरीज होऊन निघणारा तिसरा प्रकाश तपासला. या युक्तीची गंमत अशी की द्रवाच्या पोटात रेणूंची तोंडं सगळ्या दिशांना सारखी असतात, त्यामुळे तिथून येणारे संदेश एकमेकांना खोडून काढतात. पृष्ठभागावर वर आणि खाली सारखं नसतं, म्हणून तिथलाच संदेश शिल्लक राहतो. किलोभर पाण्यातून फक्त वरच्या एक-दोन रेणूंची जाडी ऐकू येते! त्यांना दिसलं की वरच्या थरातल्या पाचातल्या निदान एका रेणूचा एक हायड्रोजन कुणालाच न धरता हवेत उघडा उभा आहे.

आणि उडून जाणारा रेणू? त्याला उरलेले सगळेच बंध तोडावे लागतात. साध्या तापमानाला रेणूंच्या धडपडीत जी ऊर्जा सहज हाती लागते तिच्या सुमारे अठरा पट ऊर्जा त्यासाठी लागते. एवढी एका वेळी जमणं दुर्मीळ. ज्यांना जमतं ते सर्वांत वेगवान असतात, आणि तेच गेल्यामुळे मागे राहिलेलं पाणी गार होतं. माठ गार होतो तो याच हिशेबाने.

पृष्ठभागाची जाडी किती, हा प्रश्न ज्यांनी फार लवकर हाती घेतला त्यांतले एक पुढे पुण्यातच नोकरीला आले. एल. ए. रामदास, मूळचे पालक्काडचे. १९२०च्या दशकात कोलकात्यात सी. व्ही. रामन यांच्याकडे काम करताना दोघांनी द्रवांच्या स्वच्छ पृष्ठभागांवर प्रकाशाचा झोत टाकला. आरशासारखं परावर्तन तर होतंच, पण धूळ-कचरा पूर्ण काढला तरी त्या जागेतून बाजूला एक मंद प्रकाश विखुरलेला दिसतो. मारियान स्मोलुखोव्स्की यांनी १९०८ साली तर्क केला होता की उष्णतेमुळे द्रवाचा पृष्ठभाग कधीच सपाट नसतो, त्याच्यावर सतत अतिसूक्ष्म तरंग उठत असतात. रामन आणि रामदास यांनी १९२५ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात या विखुरण्याचं पृष्ठताणाशी नातं मांडलं: ताण जितका कमी, तितके तरंग मोठे आणि प्रकाश जास्त. १९२७ मध्ये द्रव आणि हवा यांच्यामधला संक्रमणाचा थर किती जाड, यावरही त्यांचा निबंध आला.

हे गणित आज कुणीही कागदावर करू शकतो. उष्णतेची ऊर्जा भागिले पृष्ठताण, आणि त्याचं वर्गमूळ. पाण्यासाठी उत्तर येतं ०.२४ नॅनोमीटर. पाण्याचा एक रेणू साधारण ०.२८ नॅनोमीटरचा. १९८५ साली क्ष-किरणांच्या परावर्तनातून पाण्याच्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा थेट मोजला गेला, तो निघाला सुमारे ०.३२ नॅनोमीटर. पाणी संपून हवा सुरू होते ती सीमारेषा एका रेणूएवढीच अस्पष्ट असते, आणि ती अस्पष्टताही मुख्यतः तरंगांची आहे.

रामदास १९२६ मध्ये हवामान खात्यात गेले. खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, आणि १९३२ साली इथे कृषी हवामानशास्त्राची शाखा सुरू झाली ती त्यांच्याच हातून. रेणूभर जाडीच्या सीमारेषेवर निबंध लिहिलेला माणूस पुढची वर्षं पुण्याच्या शेतात जमिनीलगतची हवा, दव आणि ऊन मोजत राहिला. सुरुवातीला सांगितलेली वेधशाळा त्याच शाखेची.

पुण्याचं दुसरं नातं पाषाण रस्त्यावरचं. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचं, म्हणजे आपल्या एनसीएलचं उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी जवाहरलाल नेहरूंच्या हस्ते झालं. तिचे पहिले संचालक जेम्स विल्यम मॅकबेन हे साबणाच्या द्रावणांचे जगन्मान्य अभ्यासक होते. पण मला त्यांचा लक्षात राहतो तो प्रयोग वेगळाच आहे, आणि तो त्यांनी पुण्याला येण्याआधी, स्टॅनफर्डला असताना केला.

अमेरिकेच्या विलर्ड गिब्ज यांनी १८७०च्या दशकात निव्वळ कागदावर दाखवलं होतं की जो पदार्थ पाण्याचा पृष्ठताण कमी करतो, तो पाण्याच्या पोटापेक्षा पृष्ठभागावर जास्त गोळा होतो. किती जास्त, याचं सूत्रही दिलं होतं. पन्नास वर्षं सगळे ते सूत्र वापरत होते, पण प्रत्यक्ष मोजून कोण बघणार? जास्तीचा साठा एका रेणूच्या जाडीत, आणि तो काढायला गेलं की खालचं पाणी सोबत येणार. मॅकबेन यांनी लांब उथळ कुंडात द्रावण भरलं आणि त्यावर रुळांवरून धावणारं एक पातं बसवलं. सेकंदाला सुमारे दहा मीटर वेगाने ते पातं कुंडावरून जाई आणि मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा, किंवा त्याहून पातळ, पाण्याचा वरचा पापुद्रा खरवडून घेई. वेग का? हळू गेलं तर पाणी पुढे ढकललं जातं, मिसळतं, आणि पृष्ठभाग पृष्ठभाग राहत नाही.

०.१ मिलिमीटर म्हणजे रेणूंचे तीन लाखांहून जास्त थर. त्यांतल्या एका थरातला फरक त्या सगळ्या पाण्यात शोधायचा, म्हणजे मूळ द्रावण आणि खरवडलेलं द्रावण यांच्या तीव्रतेत अगदी पुसट तफावत निघणार. ती त्यांनी प्रकाशाच्या व्यतिकरणाने मोजली आणि गिब्ज बरोबर निघाले. अशा चिवट माणसाने एखादी नवी प्रयोगशाळा उभी केली की तिथे पृष्ठभागांचं काम रुजणार, हे ओघानेच आलं. मॅकबेन यांच्यानंतरचे संचालक जॉर्ज फिंचसुद्धा पृष्ठभागवालेच, फक्त घन पदार्थांचे. १९२२ साली प्राणवायूची नळकांडी पाठीवर घेऊन एव्हरेस्टवर आठ हजार तीनशे मीटरपर्यंत चढलेले फिंच ते हेच.

आता शीर्षकातल्या झाकणाकडे येऊ.

परातीत पाणी घ्या, त्यावर चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरा आणि मधोमध भांडी घासण्याच्या द्रवाचा एक थेंब टेकवा. पावडर झटकन काठाला पळते. साबण तिला ढकलतो असं वाटतं, पण खरं म्हणजे मधला ताण उतरला आणि काठाकडच्या स्वच्छ पाण्याच्या ताणाने पावडर ओढून घेतली. जर्मनीतल्या आग्नेस पोकेल्स यांनी १८८०च्या दशकात घरच्या स्वयंपाकघरात एक लांबट तसराळं आणि सरकती पट्टी घेऊन याच ताणाची मोजमापं केली. विद्यापीठाचं शिक्षण त्यांना मिळालेलं नव्हतं. लॉर्ड रॅली यांनी त्यांचं पत्र १८९१ साली ‘नेचर’मध्ये छापवून आणलं. १९१७ मध्ये अर्व्हिंग लँगम्युर यांनी चित्र पूर्ण केलं: तेलकट पदार्थाचा एका रेणूच्या जाडीचा थर पाण्यावर असतो तेव्हा त्याचे रेणू उभे राहतात, पाण्याची ओढ असलेलं डोकं खाली, कर्ब-हायड्रोजनची शेपटी वर हवेत.

उभे राहतात, पण गर्दी असेल तरच. पीएमपीच्या रिकाम्या बसमध्ये माणूस ऐसपैस रेलतो, संध्याकाळच्या गर्दीत तोच सरळ उभा राहतो आणि दोघांच्या मधून तिसऱ्याला वाट मिळत नाही. सरळ साखळीच्या रेणूंची अशी गच्च गर्दी झाली की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण ०.२ चौरस नॅनोमीटर जागा येते. साखळीत सोळा कर्ब असोत की अठरा, जागा तेवढीच लागते. वाढते ती फक्त उंची, दोन-अडीच नॅनोमीटर.

सीटाइल अल्कोहोल हा सोळा कर्बांचा पदार्थ घ्या. चेहऱ्याला लावायच्या क्रीमच्या डबीवर त्याचं नाव हमखास सापडतं. एक चौरस किलोमीटर तलाव एका रेणूच्या थराने पूर्ण झाकायला किती लागेल? ०.२ चौरस नॅनोमीटरचा हिशेब लावला तर उत्तर येतं दोन किलो. फक्त दोन किलो! सातशे टँकरांच्या विरुद्ध दोन किलो मेणचट भुकटी. हा आकडा पाहिल्यावर जगभरचे पाणीवाले या कल्पनेच्या मागे का लागले ते वेगळं सांगायला नको. असा थर बाष्पीभवन कमी करतो हे एरिक रिडील यांनी १९२५ सालीच दाखवलं होतं, आणि १९५०च्या दशकात ऑस्ट्रेलियाने तलावांवर मोठ्या चाचण्या घेतल्या.

पण थर अडवतो कसा? पाण्याचा रेणू बाहेर पडायचा तर शेपट्यांच्या त्या गर्दीत क्षणभर एक फट पडायला हवी. शेपट्या सतत डुलत असतात, त्यामुळे फटी पडतात, पण क्वचित. साखळी जितकी लांब तितकी फट उघडायला जास्त ऊर्जा लागते, आणि दर वाढलेल्या कर्बासरशी अडथळा चढत जातो. उघड्या पाण्याच्या पृष्ठभागाचा अडथळा नगण्य असतो हे वर आलं आहेच; गच्च थर तो हजारो पटींनी वाढवतो. एवढा वाढल्यावर कुठे तो वरच्या हवेच्या अडथळ्याच्या तोलाचा होतो. म्हणून फरक दिसतो.

इथे स्वयंपाकाचं तेल का चालत नाही तेही कळतं. शेंगदाण्याच्या तेलात ओलेइक आम्लाच्या साखळ्या असतात आणि त्यांच्या मधोमध दुहेरी बंधामुळे एक वाक असतो. वाकडे रेणू गच्च उभे राहू शकत नाहीत. तेल पाण्यावर पसरेल, लाटा शांत करेल, पण बाष्पीभवनावर त्याचा परिणाम जवळजवळ शून्य. भेसळीचंही तसंच: सरळ रेणूंच्या गर्दीत थोडे वाकडे मिसळले तरी थर गळका होतो.

सीटाइल आणि त्याच्याच कुळातल्या स्टिअराइल अल्कोहोलची अडचण निराळी होती. हे पदार्थ साध्या तापमानाला घन असतात आणि दाण्यातून सुटून पाण्यावर पसरायला वेळ घेतात. थर फाटला की तो भरून यायला उशीर. एनसीएलमध्ये ए. बी. बिस्वास, एम. के. घारपुरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६०च्या आसपास यावर एक नेमका उपाय शोधला. लांब साखळीच्या अल्कोहोलला इथिलीन ऑक्साइड जोडून त्यांनी अल्कॉक्सी इथेनॉल नावाचा वर्ग तयार केला. शेपटी तीच, सरळ आणि लांब; पण डोक्याशी एक ऑक्सिजन अधिक, त्यामुळे पाण्याची ओढ वाढलेली. १९६२ साली ‘जर्नल ऑफ फिजिकल केमिस्ट्री’त त्यांनी या पदार्थांचा पसरण्याचा वेग आणि पसरण्याचा दाब नेहमीच्या अल्कोहोलांच्या शेजारी मांडून दाखवला. जास्त वेगाने पसरणारा थर फाटला तरी लवकर सांधतो. जपानमध्येही याच कुळातला बावीस कर्बांचा पदार्थ भातखाचरांवर वापरला गेला, मात्र हेतू उलटा होता: पाणी वाचवणं दुय्यम, बाष्पीभवन रोखून खाचरातलं पाणी उबदार ठेवणं मुख्य.

हे काम चालू होतं त्याच काळात, १२ जुलै १९६१ रोजी, पानशेत धरण फुटलं आणि खडकवासल्याची भिंतही गेली. थेंबाथेंबाचा हिशेब एकीकडे आणि एका सकाळीत वाहून गेलेला सगळा साठा दुसरीकडे. पुण्याच्या पाण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने ही दोन पानं शेजारी ठेवावीत.

जपानी शेतकऱ्याला हवी असलेली ऊब तलावावर मात्र नडते. बाष्पीभवन हेच पाणी गार ठेवण्याचं मोठं साधन. ते अडवलं की उन्हाची ऊर्जा पाण्यातच साठते, पृष्ठभाग तापतो, बाष्पदाब वाढतो आणि वाचवलेल्यातला काही भाग परत हवेत जातो. जीवाणू हा थर खातात. काही रेणू स्वतःच उडून जातात. म्हणून दोन किलो एकदा टाकून भागत नाही, रोज भर घालावी लागते. प्रयोगशाळेच्या शांत कुंडात बाष्पीभवन निम्म्याहूनही कमी करता येतं. उघड्या जलाशयावर साधारण २० ते ३० टक्के बचतीची अपेक्षा धरतात.

सगळ्यात मोठा शत्रू वारा. पाण्यावरचा थर वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तीन टक्के वेगाने वाहत जातो. ताशी १५ किलोमीटरचा वारा असला तर तासाभरात जवळजवळ अर्धा किलोमीटर. थर पलीकडच्या काठाला जाऊन चुरगळतो, आणि वाऱ्याकडचं पाणी उघडं पडतं. त्याहून जोराच्या वाऱ्यात लाटाच त्याला गिळतात. खरी कुचंबणा पुढे आहे. वारा नसताना पाण्यावरची स्थिर हवाच बाष्पीभवन अडवत असते, तेव्हा थराची फारशी गरज नसते. वारा सुटला की हवेचा तो अडथळा पातळ होतो आणि रेणूंच्या थराची खरी किंमत तेव्हाच वाढते. पुण्यात एप्रिल-मेच्या दुपारनंतर पश्चिमेकडून वारा सुटतो. बाष्पीभवन त्याच वेळी भरात असतं, आणि थर त्याच वेळी पूर्वेच्या काठाला लागलेला असतो. म्हणून या विषयातले लोक आता नव्या रेणूपेक्षा जास्त विचार करतात तो वाऱ्याच्या बाजूला तरंगते डबे बांधून, वारा बदलेल तशी भुकटी थोडी थोडी सोडत राहण्याचा.